घासायचं छोटं मशीन घेताना सर्वात कमी वेग बघा

मॉडेल आणि थ्रीडी प्रिंट केलेले भाग घासायला रोटरी टूल (टोक गरगर फिरणारं हातातलं मशीन) घ्यावं की पुढे-मागे हलणारा छोटा सँडर, यावर बहुतेकांचा कल रोटरीकडे दिसतोय. माझं मत उलट आहे. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडायला लागतं. बरीचशी रोटरी टूल्स अगदी कमी वेगालाही मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेतात. सँडिंग ड्रम (टोकाला बसवलेला खरखरीत गोल) क्षणभर एका जागी टेकला की प्लास्टिक घासलं न जाता वितळतं, ड्रमच्या दाण्यांत चिकटून बसतं आणि भागावर चकचकीत खळगा उरतो. मग बसा पुटी भरत! रोटरी घ्यायचंच तर सर्वात कमी वेग किती ते आधी पाहा. सर्वात जास्त वेगाचा आकडा फक्त खोक्यावर शोभतो.

पुढे-मागे हलणाऱ्या सँडरचं डोकं थोडंसंच सरकतं, त्यामुळे सपाट भाग सपाट राहतो आणि कोपऱ्यातही शिरता येतं. मात्र जोर लावला की छोटी मोटर अडते. नुसतं टेकवून धरायचं. साधा पॉलिश पेपर कापून दुहेरी टेपने चिकटवता येतो का, हे जरूर बघा. कंपनीचेच पॅड लागत असतील तर मी तरी घेणार नाही.

प्रिंटच्या थरांच्या रेषा १८० किंवा २४० नंबरच्या पेपरने काढा, मग ४०० (नंबर मोठा तसा पेपर बारीक). त्यापुढे हाताने, ओल्या कागदाने. रेझिनचे भाग पूर्ण क्युअर झाल्याशिवाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात पक्के कडक झाल्याशिवाय, घासू नका, आणि मास्क हवाच. रिव्हेटसारखे बारीक तपशील असतील तिथे मशीन लावूच नका.