एकटी आई, एकटा बाबा: लोक काय काय ऐकवतात?

नवरा जाऊन चार वर्षं झाली, लेक सातवीत आहे. परवा कोथरूडला फ्लॅट बघायला गेले तर मालकीणबाईंनी भाडं सांगायच्या आधीच विचारलं, मिस्टर कुठे असतात? नाहीत म्हटल्यावर, मग घरी कोण कोण येतं-जातं? माझ्या ऑफिसातल्या एकाची बायको गेली, त्याला फ्लॅट लगेच मिळाला आणि शेजारच्या काकू दर गुरुवारी भाजीचा डबा पाठवतात. डब्याचा राग नाहीये, पोराच्या पोटात घरचं जातंय. पण मला चौकशी आणि त्याला डबा, असं का? तुमचे अनुभव लिहा, बाबांनीही लिहा.

सिंहगड रोड
डबा मिळणाऱ्यांतलाच मी. घटस्फोटानंतर मुलगी माझ्याकडे असते. पहिल्यांदा वेण्या घातल्या तेव्हा पाऊण तास गेला, भांग वाकडा, एक रिबन शाळेच्या गेटपाशी सुटली आणि तिथल्या मावशी म्हणाल्या, किती करतो बिचारा! माझी बहीण रोज दोन पोरींच्या वेण्या घालते, तिला कोणी बिचारी म्हणत नाही. पण कौतुक करणारे विश्वास ठेवतातच असं नाही. लेकीच्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या तर दोघींच्या आया शेवटपर्यंत हॉलमध्ये बसून राहिल्या. लेक विचारते, बाबा त्या केकसाठी थांबल्या का? मी हो म्हटलं.

हडपसर
मुलगा वर्गात भांडला की लगेच ‘बापाचा धाक नाही ना’. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील एकाचंच नाव चालतं, पण शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा रकाना मोकळा सोडला तर क्लार्कबाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कारण विचारलं, पोरगं शेजारी उभं होतं.

औंध
मला मुलगी दत्तक घ्यायची होती. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, कायदाच तसा आहे. पोरींच्या सुरक्षेसाठी आहे हे पटतं, तरी वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. आता मुलासाठी अर्ज केलाय.

कोथरूड, परत मीच
सिंहगड रोडवाले दादा, आधी केसांना थोडं तेल लावून टोकाकडून गुंता सोडवा, मग कंगव्याच्या टोकाने नाकाच्या रेषेत भांग पाडा. रिबन शेवटच्या दोन पेडांत गुंफून घ्या, सुटत नाही.