मदत हवी आहे: मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम घातलेली चिप) न वापरता एसी सिग्नलचं व्होल्टेज काट्यावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. भजनी मंडळाच्या एका अँप्लिफायरला काट्याचा मीटर बसवायचाय, ५० मिलिव्होल्ट ते २ व्होल्टपर्यंतचा सिग्नल दिसला पाहिजे. मायक्रोकंट्रोलर नकोय, कारण उद्या बिघडला तर मंडळातल्या कुणालाही दुरुस्त करता आला पाहिजे.

आधी नुसता डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावला, पण ०.६ व्होल्टच्या खाली काटा हलेचना, म्हणून एलएम ३५८ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) आणि दोन १एन ४१४८ डायोड घेऊन प्रिसिजन रेक्टिफायर (बारीक एसी सिग्नलचंही डीसी करणारं सर्किट) केला, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. १ किलोहर्ट्झला झकास चालतंय, पण १० किलोहर्ट्झला, त्यात सिग्नल बारीक असला की, रीडिंग लई कमी येतंय. मल्टिमीटरवर भरवसा नको म्हणून उद्यमनगरातल्या मित्राचा स्कोप (तरंग पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणून बघितलं, तर एका डायोडवरून दुसऱ्यावर जाताना ऑपअँपला उडी मारायला वेळ लागतोय, तरंगाची सुरुवातच खाल्ली जातेय.

एलएम ३५८ च्या जागी टीएल ०७२ हा जास्त वेगवान ऑपअँप टाकला तर भागेल का? फुलवेव्ह करून (तरंगाचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेला आणून) सरासरीला १.११ नं गुणलं तर आरएमएस (एसीचं परिणामी व्होल्टेज) मिळतं, पण ते फक्त साइन वेव्हला, आवाजाला काय करायचं? आणि काट्यासाठी सिग्नल सपाट करणारा कपॅसिटर लहान घेतला की काटा थरथरतो, मोठा घेतला की सुस्त होतो, कुणी हे जमवलंय का? व्हॅल्यू सांगा प्लीज.