जुन्या ‘चांदोबा’च्या बांधणीसाठी इंदूरमध्ये मदत हवी आहे

नमस्कार. आजोबांनी जपलेले मराठी ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’चे जुने अंक आमच्याकडे आहेत, कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ झाला असून पिनांचा गंज मधल्या पानांत उतरू लागला आहे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने आंतरजालावर उपलब्ध करून दिले असल्याने त्यांची फारशी चिंता नाही, परंतु ‘चांदोबा’चे चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम-वेताळ मूळ छपाईतच पाहावा, असे मला वाटते. गंजलेल्या पिना काढून, कडा न कापता (बहुतेकांना यंत्राने कडा उडवण्याची भारी हौस!) सुती दोऱ्याने शिवून देणारा कारागीर खजुरी बाजार किंवा राजवाडा परिसरात कोणास ठाऊक आहे का? सेलोटेपचा डिंक कागदात मुरून डाग पडतात, म्हणून फाटलेली पाने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) व गव्हाच्या खळीने जोडण्याचा अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा.