मायबोर स्वॅप सीसीआयएलकडे गेला, मग जोखीम कुठे गेली?

रेपोखिडकी:
बँकेच्या ट्रेझरीसाठी काउंटरपार्टी मर्यादांचं (समोरच्या एका पक्षावर जास्तीत जास्त किती जोखीम घ्यायची, त्याचं) टिपण लिहिते आहे. उदाहरण धरलंय ते असं: 100 कोटींचा 5 वर्षांचा मायबोर ओआयएस (मायबोर, म्हणजे बँकांमधल्या एका दिवसाच्या कर्जाचा दर, आणि स्थिर दर यांची अदलाबदल करणारा स्वॅप), स्थिर दर आपण देणार, समोर एका युरोपीय बँकेची मुंबई शाखा. व्यवहार सीसीआयएल (क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या संस्थेमार्फत क्लिअर होणार, म्हणजे ती दोघांच्या मध्ये उभी राहणार. अशा वेळी त्या बँकेवरची मर्यादा शून्य धरायची का? दुसराच कुणी सभासद बुडाला तर डिफॉल्ट फंडातले (सभासदांनी अशा वेळेसाठी भरलेल्या सामाईक निधीतले) आपले पैसे जातात का? आणि युरोपीय बँका सीसीआयएलबद्दल मध्यंतरी एवढ्या अस्वस्थ का होत्या?

वायदेवही:
आधी आकडा नीट धरा. समोरची बँक बुडाली तर 100 कोटी जात नाहीत, कारण मुद्दल कुणी कुणाला दिलेलंच नसतं. जातो तो बदली खर्च. 5 वर्षांच्या या स्वॅपमध्ये दर 1 बेसिस पॉइंट (टक्क्याचा शंभरावा भाग) हलला की किंमत साधारण 4.2 लाखांनी बदलते. दर 20 पॉइंट वर गेले तर तुम्ही 84 लाखांनी फायद्यात. त्याच दिवशी समोरचा बुडाला, तर तोच स्वॅप बाजारातून पुन्हा घ्यायला 84 लाख जास्त लागतील. टिपणात मुद्दलाचा आकडा लिहू नका, ही चूक फार ठिकाणी दिसते.

सीसीआयएलने व्यवहार स्वीकारला की नोव्हेशन होतं: मूळ करार संपतो आणि त्याच्या जागी दोन करार येतात, तुमचा सीसीआयएलशी आणि त्यांचा सीसीआयएलशी. त्या शाखेवरची मर्यादा त्या क्षणी मोकळी होते. पण व्यवहार ठरल्यापासून स्वीकारला जाईपर्यंतचा काळ तुमच्याच अंगावर असतो, तो टिपणात हवा.

खरा फायदा नेटिंगचा, म्हणजे देणं-घेणं एकमेकांतून वजा करण्याचा. समजा ‘अ’कडे 100 कोटींवर स्थिर दर देताय आणि ‘ब’कडून तेवढ्याच मुदतीचा घेताय. दर वाढले, ‘अ’ बुडाला, तरी ‘ब’चे 84 लाख तुम्हाला द्यावेच लागतात. दोन्ही करार सीसीआयएलशी असले तर ही बेरीज शून्य. द्विपक्षीय नेटिंगला भारतात कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो 2020च्या कायद्याने, तो लागू झाला 1 ऑक्टोबर 2020 पासून. त्याआधी लिक्विडेटर (बुडालेल्या संस्थेची आवराआवर करणारा) फायद्याचे करार उचलेल आणि तोट्याचे नाकारेल, ही भीती खरी होती.

घाटमाथा:
मर्यादा शून्य होत नाही, सीसीआयएलच्या नावावर जाते. डिफॉल्ट फंडाबद्दलचं उत्तर ‘हो, जाऊ शकतात’. क्रम साधारण सगळीकडे असाच: आधी बुडालेल्याचं मार्जिन (आगाऊ ठेवलेलं तारण), मग त्याचाच फंडातला वाटा, मग क्लिअरिंग संस्थेचे स्वतःचे थोडे पैसे, मग बाकी सभासदांचा फंड, आणि तोही संपला तर नियमात असेल तेवढी जादा मागणी.

हे कागदावरच राहिलेलं नाही. सप्टेंबर 2018 मध्ये स्वीडनच्या नॅस्डॅक क्लिअरिंग या क्लिअरिंग संस्थेत एक नॉर्वेजियन खासगी व्यापारी थकला. त्याचा डाव नॉर्डिक आणि जर्मन विजेच्या भावांतल्या फरकावर होता आणि तो फरक एका दिवसात विलक्षण हलला. त्याचं मार्जिन संपल्यावरही 11.4 कोटी युरोचा खड्डा उरला. संस्थेने स्वतःचे 70 लाख घातले, उरलेले 10.7 कोटी निर्दोष सभासदांच्या फंडातून गेले. वायदे एक्सचेंजवरचे होते, ओटीसी (दोन पक्षांत थेट ठरलेले) नव्हते, पण यंत्रणा हीच. मला इथे सगळ्यात मोठा दोष बुडालेल्याचे व्यवहार विकणाऱ्या लिलावाचा वाटतो: बोली लावणारे मोजकेच होते, त्यामुळे पोझिशन पडेल भावात गेली. 2021 मध्ये स्वीडनच्या नियामकाने संस्थेला 30 कोटी क्रोनाचा दंड केला.

याच्या शेजारी 2008 ठेवा. अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली तेव्हा लंडनच्या स्वॅपक्लिअर या क्लिअरिंग सेवेत तिचे सुमारे 9 लाख कोटी डॉलर मुद्दलाचे, 66 हजारांहून जास्त स्वॅप होते. त्यांनी आधी पोझिशन हेज केली (उलट व्यवहारांनी जोखीम झाकली) आणि मग एकेका चलनाचा लिलाव लावला. लेहमनच्या मार्जिनचा साधारण एक तृतीयांश भाग लागला, फंडाला हात लागला नाही. म्हणून टिपणात फंडाच्या आकाराआधी हे विचारा: उद्या लिलाव झाला तर या बाजारात बोली कोण लावणार?

वायदेवही:
घाटमाथा यांच्या मुद्द्याला जोड. क्लिअरिंगने पतजोखीम कमी होते आणि तिच्या जागी रोखतेची (वेळेवर रोख न जमण्याची) जोखीम येते. टिपणाचा गाभा हाच हवा.

हिशोबापुरतं दर दिवसाला 6 पॉइंट हलतात असं धरा. क्लिअर केलेल्या स्वॅपला, बुडालेल्याची पोझिशन आवरायला, सहसा 5 दिवसांचा अवधी धरतात: 6 गुणिले 5चं वर्गमूळ, गुणिले 2.33 (99 टक्के खात्रीचा गुणक), म्हणजे सुमारे 31 पॉइंट, म्हणजे 1.3 कोटी मार्जिन. क्लिअर न केलेल्याला बासलच्या (बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय) नियमात 10 दिवस, म्हणजे सुमारे 44 पॉइंट, 1.86 कोटी. शांत बाजारात क्लिअरिंग स्वस्त दिसतं ते म्हणून. पण चढउतार दुप्पट झाले की मार्जिनही दुप्पट मागितलं जातं, आणि नेमकं त्याच दिवशी एमटीएमचंही (बाजारभावाने रोज निघणाऱ्या तोट्याचं) देणं अंगावर येतं.

सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या पेन्शन फंडांचं हेच झालं. मालमत्ता भरपूर, पण रेपो (रोखे गहाण ठेवून घेतलेलं कर्ज) आणि स्वॅपवरच्या तारणाच्या मागण्या भागवायला वेळेत रोख नाही. गिल्ट (ब्रिटिश सरकारी रोखे) विकावे तर भाव आणखी पडत, मागणी आणखी वाढे. शेवटी बँक ऑफ इंग्लंड 28 सप्टेंबरला खरेदीत उतरली आणि तिने 19.3 अब्ज पौंडांचे गिल्ट घेतले. म्हणून 50 आणि 100 पॉइंटच्या धक्क्याला किती तारण लागेल आणि ते किती तासांत जमेल, या दोन ओळी टिपणात घालाच.

दादरपश्चिम:
युरोपीय बँकांबद्दल. 31 ऑक्टोबर 2022 रोजी एस्माने (युरोपीय संघाच्या रोखेबाजार नियामकाने) सीसीआयएलसह सहा भारतीय क्लिअरिंग संस्थांची मान्यता काढत असल्याचं जाहीर केलं, अंमल 30 एप्रिल 2023 पासून. संस्थांच्या मजबुतीवर तो ठपका नव्हता. देखरेखीचा आणि तपासणीचा अधिकार कुणाचा, यावर दोन्हीकडच्या नियामकांत सहकार्य करार होऊ शकला नव्हता. जर्मनी आणि फ्रान्सच्या नियामकांनी आपापल्या बँकांना ऑक्टोबर 2024 पर्यंत मुदत दिली. ब्रिटनचा मार्ग वेगळा निघाला, बँक ऑफ इंग्लंड आणि रिझर्व्ह बँकेचा करार 1 डिसेंबर 2023 रोजी झाला.

अस्वस्थता भांडवलाची होती. पात्र क्लिअरिंग संस्थेवरच्या व्यवहारांना 2 टक्के जोखीमभार (बँकेने किती भांडवल ठेवायचं ते ठरवणारं वजन) लागतो. मान्यतेबरोबर पात्रता गेली की संस्थेला साध्या काउंटरपार्टीसारखा भार, आणि डिफॉल्ट फंडातल्या वाट्याला 1250 टक्के. 8 टक्के भांडवलाने गुणा: फंडातल्या प्रत्येक रुपयामागे एक रुपया भांडवल. तुमच्या बँकेला हे थेट लागत नाही. पण युरोपीय बँका भाव देताना हात आखडतात, आणि बुडालेल्याच्या लिलावात बोली लावणारेही तेवढे कमी होतात. टिपण लिहिण्याच्या दिवशीची मान्यतेची यादी जोडा.

रेपोखिडकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका: तारण म्हणून सरकारी रोखे ठेवले तर?

वायदेवही:
दिशा बघा. स्थिर दर देणाऱ्याचा तोटा दर पडल्यावर होतो, तेव्हा रोख्यांचे भाव चढलेले असतात, म्हणजे तारण तुमच्या बाजूने. स्थिर दर घेणाऱ्याचं उलटं: दर वाढले की स्वॅपवर तोटा आणि तारणही घसरलेलं. पुस्तकात घेणारी बाजू जड असेल तर लांब मुदतीचे रोखे तारणात ठेवू नका, ट्रेझरी बिलं आणि रोख ठेवा.