‘इंजिन बंद पडलं म्हणजे टाकी रिकामी होती’ म्हणणाऱ्यांना

तापीकाठ: काल इथे एकाने ठोकून दिलं, "छोटं विमान इंजिन बंद पडून शेतात उतरलं की समजायचं, वैमानिकाने टाकी न बघता उड्डाण केलं. बाकी सारवासारव." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे सहन होत नाही. जुलैत सातपुड्याच्या अंगाला हवा ओलीचिंब, तापमान २५ अंश. उतरताना ताकद कमी करायला थ्रॉटल मागे घेतला की कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-इंधन मिसळणाऱ्या भागाच्या, आत पारा वीस-वीस अंशांनी घसरतो आणि बर्फ धरतो. टाक्या भरलेल्या आणि इंजिन गुदमरतंय. चौकशीची माणसं पोचेपर्यंत त्या बर्फाचा थेंबही उरत नाही. मग शिक्का वैमानिकावर! चेरोकीसारख्या पायपर कंपनीच्या विमानात तर दोन्ही टाक्या एकदम लावायची सोयच नाही. डावी संपते, उजवीत इंधन पडून राहतं.

गोंदूरचे नाना: तापीकाठ भाऊ, उजवी टाकी लावायची कोणी? पायपरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. माझं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं. एक पोरगा म्हणाला, "नाना, काटा अर्ध्याच्या वर आहे." पंखावर चढून टाकीत काडी घातली, तर टोकाला जेमतेम बोटभर ओल. काट्यावर विसंबणाऱ्याला मी विमानाला हात लावू देत नसे. सेस्ना १५२ मध्ये वापरता येईल असं इंधन ९२-९३ लिटर, तासाला साधारण २२ लिटर जातं. चार तासांचा हिशेब धरून निघायचं आणि समोरून वारा लागला की नशिबाला दोष द्यायचा? दिवसा ३० मिनिटांचा, रात्री ४५ मिनिटांचा राखीव साठा ही कमीत कमी अट आहे. शहाणा माणूस तासाभराचा ठेवतो.

शिरपूरची पायलटताई: मग काय नाना, दरवेळी काठोकाठ भरायचं? नव्या सेस्ना १७२ मध्ये दोनशे लिटर म्हणजे १४० किलोच्या वर वजन. मे महिन्यात ४५ अंशांत आपल्या सातशे-आठशे फुटांवरच्या जमिनीवर इंजिनाला हवा मिळते ती साडेचार हजार फुटांवरची, इतकी विरळ. दहा टक्क्यांहून जास्त ताकद धावपट्टीवरच गेलेली असते. वर चौघे बसवले तर विमान झाडांवरून जाईल का, हाच प्रश्न. म्हणून मोजूनच भरावं लागतं. आणि बंद पडलंच तर रिकामं शेत बघायचं, खान्देशात सपाटीला तोटा नाही.

रावेरचा केळीवाला: काय सांगी राह्यना ताई! जुलैत रिकामं शेत दाखवा मला. एक तर कापूस, नाहीतर केळी. माणसापेक्षा उंच झाडं, घडाला टेकू, खाली ठिबकच्या नळ्या. वादळाने बाग झोपली तर भरपाईसाठी चपला झिजतात, विमानाची कोण देणार?

तापीकाठ: माणूस जिवानिशी चाललाय आणि तुम्हाला घडांची पडली आहे?

रावेरचा केळीवाला: तोंड सांभाळून बोला. शेतात विमान पडलं तर आधी आम्हीच धावतो, खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आम्हीच नेतो. मागे तुमच्यातलाच एक लिहून गेला की केळीचं खोड मऊ असतं, बागेत उतरलं की गादीवर पडल्यासारखं. पाण्याने भरलेलं ते खोड एकदा खांद्यावर उचलून बघा. तशी शेकडो खोडं ताशी शंभर किलोमीटरने अंगावर आली तर काय उरेल?

गोंदूरचे नाना: दादांचं बरोबर आहे. हरभरा काढलेलं वावर सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात काळ्या मातीत नाकाचं चाक रुतलं की विमान पालथं.

शिरपूरची पायलटताई: पावसाळ्यात कापूसच धरावा, तोही सरीच्या दिशेने. हजार फुटांवरून १७२ वारा नसताना अडीच किलोमीटरच्या आसपास जाते, निवडीला वेळ असतो कुठे?

रावेरचा केळीवाला: आणि विहिरीच्या मोटारीला गेलेल्या तारा? त्या वरून दिसत नाहीत. आधी खांब शोधा.

तापीकाठ: तारांचं खरं आहे, आणि घडांवरून बोललो ते मागे घेतो. नाना, काडीचंही मानलं. पण तुम्ही बर्फाला बगल दिली.

गोंदूरचे नाना: बगल नाही. बर्फ धरतो, मान्य. पण कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट ओढायचं काम कोणाचं?

तापीकाठ: ती ओढली की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, आधी आणखी पडतात, बर्फ वितळून पाणी आत जातं, इंजिन खडखडतं. शिकाऊ पोरगा घाबरून परत ढकलतो, आणि तिथेच घात होतो. थोडा वेळ दम धर, आवाज सुधारेल, हे त्याला जमिनीवर कोणी सांगितलंच नसेल, तर दोष एकट्या त्याचा कसा?