मदत हवी आहे : १९१२च्या दोन पोस्टरांचं मराठी शीर्षक

गावच्या वाचनालयात ८ मार्चला ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या बाजूची आणि विरोधातली छापील पोस्टरं लावतोय. एका जोडीवर अडलेय.

पहिलं हॅरल्ड बर्डचं, मताधिकाराविरुद्ध : 'नो व्होट्स, थँक यू'. पुढे शांत, देखणी बाई, मागे हातोडा घेतलेली आक्रस्ताळी सफ्राजेट, म्हणजे मताधिकारासाठी लढणारी कार्यकर्ती. खाली 'दि अपील ऑफ वुमनहुड'. त्याच वर्षी सफ्राज आटेलिए या मताधिकाराच्या बाजूच्या कलाकारांच्या गटासाठी लुईझ जेकब्जने उत्तर दिलं. तिने विरोधकांचे 'दि अपील ऑफ वुमनहुड' हेच शब्द शीर्षक म्हणून उचलले, पण तिच्या बाईच्या हातातला फलक मतच मागतो : वेश्याव्यापार आणि घाम गाळून घेणारी कवडीमोल मजुरी थांबवायला, मुलांना वाचवायला. मला ही फिरवाफिरवी फार आवडते, म्हणून ती मराठीत हरवू नये असं वाटतं.

'स्त्रीत्वाची हाक' करून पाहिलं, पण ते विरोधी पोस्टरवर फारच उदात्त वाटतं. 'स्त्रीजातीची विनंती' दुसऱ्यावर मिळमिळीत होतं. 'मत नको, आभार' तर आजच्या मेसेजसारखं वाचलं जातं.

दोन्हींखाली शब्द अगदी तेच हवेत, चारपेक्षा जास्त नकोत. मूळ इंग्रजी चित्रात दिसतंच, त्यामुळे लिप्यंतर नको. वाचणाऱ्यांत शाळकरी मुली आणि आज्या दोन्ही असतील. स्पष्टीकरणाची पाटी वेगळी आहे, अर्थ शीर्षकात कोंबायची गरज नाही.

दोन्ही बाजूंच्या तोंडी तितकाच शोभेल असा 'अपील ऑफ वुमनहुड'ला शब्द कोणता? आणि 'नो व्होट्स, थँक यू'मधला तो सभ्य नकार शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत कसा म्हटला गेला असता?