बाबांचं इन्सुलिन निम्म्या किमतीत: पैसे भरू का?

मंडळी, नमस्कार.
आई-बाबा कोल्हापुरात राजारामपुरीत, मी इकडे न्यू जर्सीत. बाबांची औषधं मीच इथून मागवते. परवा व्हॉट्सॲपवर एका साइटची जाहिरात आली: इन्सुलिन निम्म्या किमतीत, चिठ्ठी लागत नाही, घरपोच. कुणाला अनुभव आहे का?
– राजारामपुरीची लेक

ताई, पैसे भरू नका.
मंगळवार पेठेत आमच्या मेडिकलच्या काउंटरवर मी बारा वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘चिठ्ठी लागत नाही’ म्हणतात ना, तिथंच सगळं कळतं. बीपीच्या बहुतेक गोळ्या शेड्यूल एच या सरकारी यादीत येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. इन्सुलिन विकायला दुकानाकडं फॉर्म २१ नावाचा औषधविक्रीचा परवाना लागतो. साइटवर परवाना नंबर आणि दुकानाचा पूर्ण पत्ता शोधा. यूपीआयवर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं, तर तिथंच थांबा.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एक आजोबा असंच मागवलेलं इन्सुलिन घेऊन आमच्याकडं आले होते. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, एप्रिलच्या उन्हात चार दिवस फिरून आलेलं. बाटली दिसायला नेहमीसारखीच, पण साखर काही उतरेना. बिलही नव्हतं, तक्रार करायची कुणाविरुद्ध? त्यांचा चेहरा अजून आठवतो.

१ ऑगस्ट २०२३पासून तयार झालेल्या ३०० ठरावीक ब्रँडांच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड असतो. स्कॅन करून बॅच नंबर आणि मुदत छापलेल्याशी जुळते का, ते आईंना पाहायला सांगा. गोळ्यांचे पैसे वाचवायचे असतील तर जनऔषधी केंद्र आहेच. इन्सुलिन मात्र गल्लीतल्या ओळखीच्या मेडिकलमधूनच घ्या. पैसे तुम्ही इथून पाठवा, बिलाचा फोटो मागवा.
– मंगळवार पेठेतला, सध्या डॅलस

दादा, साइट तपासली. पत्ता नाही, परवाना नाही.
पण आता झोप उडालीय. मागच्या महिन्यात अशाच एका दुसऱ्या साइटवरून दोन बाटल्या मागवल्या होत्या. तेव्हापासून बाबांची साखर चढलेलीच आहे. परवा डॉक्टरांनी डोस वाढवला. एक बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. काय करू?

ताई, आत्ताच घरी फोन करा.
ती बाटली वापरायची नाही आणि फेकायचीही नाही. खोका, बाटली, मेसेज सगळं जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करताना लागेल. इन्सुलिन बंद ठेवून चालणार नाही, त्यामुळं नवी बाटली लगेच मेडिकलमधून आणवा. पण टोचण्याआधी डॉक्टरांना ही सगळी हकिकत सांगा. डोस वाढलाय तो कदाचित निकामी इन्सुलिनवर. तोच डोस चांगल्या इन्सुलिनचा गेला तर साखर एकदम खाली येईल, चक्कर येईल, शुद्धही हरपू शकते. डॉक्टर सांगतील तेवढंच द्या, आणि आज रात्री आईंना ग्लुकोमीटर आणि साखर उशाशी ठेवायला सांगा.